साळूबाईचा चर

एक टेकडी होती. टेकडीवर प्राण्यांचं कॉलेज होतं. प्राचार्य होते मोरसाहेब. ते सगळ्यात उंच झाडावर राहत, त्यामुळे त्यांची दृष्टी व्यापक होती.

पायथ्याला वसतिगृह होतं, म्हणजे बिळं. तिथे साळूबाई साळिंदर आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहायची. दर उन्हाळ्यात ती उतारावर आडवे चर खणायची. पावसाचं पाणी चरात थांबायचं, मुरायचं. बिळं कोरडी राहायची. या कामासाठी समिती नव्हती, म्हणून ते वेळेवर व्हायचं.

एके दिवशी पत्र आलं : कॉलेजचं मूल्यांकन होणार. मोरसाहेबांनी स्वागताला स्वतःचा नाच ठरवला. नाचायला अंगण हवं. मोरसाहेबांचं तेवढं सोडून बाकी झाडं गेली, चर बुजले, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसले.

"अहो साहेब, आता पाणी कुठे जाणार?" साळूबाईनं विचारलं.

"पुढे! आपल्या कॉलेजात सगळं पुढेच जाणार!"

माकडांनी टाळ्या वाजवल्या. ब्लॉकचं काम त्यांच्याकडेच होतं.

पाऊस आला. मोरसाहेब नाचले. पाणी पुढे गेलं, ते थेट बिळांत. काट्यांमुळे पाठीवर घेता येईनात, म्हणून साळूबाईनं एकेक पिल्लू तोंडात धरून दगडावर नेऊन ठेवलं. मोरसाहेबांनी या फांदीवरून त्या फांदीवर उडत हवाई पाहणी केली.

"घाबरू नका! मी तुमच्यासोबत आहे!" ते वरून ओरडले.

मूल्यांकन समिती आली. सगळे बगळे. वसतिगृहातल्या गुडघाभर पाण्यात एका पायावर उभं राहून त्यांनी बराच वेळ चिंतन केलं, अधूनमधून बेडूक गिळले आणि शेरा लिहिला : 'निवास हवेशीर. जेवण ताजं. श्रेणी सर्वोत्तम.'

समिती झोपायला झाडावर गेली, तशी साळूबाईनं ब्लॉक उचकटले आणि चर खणला. पाणी अडलं, बिळांतलं ओसरलं. पिल्लं दगडावरून उतरून कोरड्यात झोपली.

दुसऱ्या दिवशी बगळे नाश्त्याला आले. पाणी नाही, बेडूक नाहीत.

"भीषण पाणीटंचाई!" समिती हादरली.

मोरसाहेबांनी तातडीनं सभा घेतली. "बंधूंनो, वसतिगृहावर दुष्काळ कुणी आणला?"

"काटेरी प्रवृत्तींनी!" माकडं म्हणाली.

लगेच निर्णय झाले. चर माकडांनी बुजवायचा. दुष्काळग्रस्त बिळांना हत्तींनी सोंडेतून पाणी पुरवायचं, पुढील आदेश येईपर्यंत.

चर बुजला. संध्याकाळी पाऊस कोसळला. उतारावरून लोंढा आला, आणि वरून हत्ती एकेका बिळात सोंड घालून नेमानं पाणी ओतत राहिले.

"अहो, बुडतोय आम्ही!" साळूबाई ओरडली.

"बाई, तुमची टंचाई संपल्याचं पत्र नाही आलं अजून," हत्ती नम्रपणे म्हणाला आणि पुन्हा सोंड भरायला गेला.

साळूबाईनं पिल्लं परत दगडावर ठेवली. शेजारची घूसवहिनी गळ्याइतक्या पाण्यातून पोहत आली आणि दगडाला धरून राहिली.

"साळूबाई, आता आपल्याकडे पूर म्हणायचा की दुष्काळ?"

साळूबाईनं झाडाकडे पाहिलं.

"वरून कळवतील."