डुबुकचा मासा

एक होती नदी. नदीत होती होडी. होडीत बसायचे रखमाजी भोई. होडीच्या काठावर बसायचे त्यांचे पाणकावळे. काळे काळे, ओले ओले.

सगळ्यांत धाकटा होता डुबुक.

पाणकावळे पाण्यात बुडी मारायचे. मासा धरून आणायचे. मोठा मासा रखमाजींचा. छोटा मासा पाणकावळ्याचा. रखमाजींचे आजोबाही असेच मासे धरायचे. तेव्हाही वाटा असाच असायचा.

मोठा मासा कुणी चुकून गिळू नये, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात असायची गवताची सैलशी दोरी. छोटा मासा खाली जायचा, मोठा अडायचा.

एके दिवशी डुबुकची दोरी तुटली. पाण्यात पडली. वाहून गेली.

दोरी नाही, तर काम नाही. काम नाही, तर मासा नाही.

बाकीच्यांनी आपापला मासा खाल्ला. डुबुक नुसता बघत बसला. त्याला फार वाईट वाटलं.

रखमाजी म्हणाले, "लव्हाळ्याचं एक पातं आण, बाळा. नवी दोरी वळून देतो."

डुबुक निघाला. फतक फतक, फतक फतक.

काठावर होता लव्हाळा. उंच उंच, हिरवा हिरवा.

"लव्हाळ्या, लव्हाळ्या, पातं दे.
दोरी होईना,
डुबुकला मासा मिळेना."

लव्हाळा म्हणाला, "माझ्यावर म्हैस बसलीय. ती उठली की देतो."

डुबुक म्हशीकडे गेला. फतक फतक, फतक फतक.

"म्हशीमावशी, म्हशीमावशी, ऊठ ना.
लव्हाळा पातं देईना,
दोरी होईना,
डुबुकला मासा मिळेना."

म्हैस म्हणाली, "मला गोचीड चावतेय. चिखलात बरं वाटतं. बगळ्याने गोचीड टिपली की उठते."

डुबुक बगळ्याकडे गेला. फतक फतक, फतक फतक.

"बगळेदादा, बगळेदादा, गोचीड टिप.
म्हैस उठेना,
लव्हाळा पातं देईना,
दोरी होईना,
डुबुकला मासा मिळेना."

बगळा म्हणाला, "माझा पाय जुन्या जाळ्यात अडकलाय. खेकड्याने जाळं कापलं की येतो."

डुबुक खेकड्याच्या बिळाशी गेला. फतक फतक, फतक फतक.

"खेकडेभाऊ, खेकडेभाऊ, जाळं काप.
बगळा गोचीड टिपेना,
म्हैस उठेना,
लव्हाळा पातं देईना,
दोरी होईना,
डुबुकला मासा मिळेना."

खेकडा आतून म्हणाला, "माझ्या दारात काटकी अडकलीय. लाटेने काटकी नेली की येतो."

डुबुक लाटेकडे गेला. फतक फतक, फतक फतक. लाट पाण्यात निजली होती.

"लाटताई, लाटताई, काटकी ने.
खेकडा जाळं कापेना,
बगळा गोचीड टिपेना,
म्हैस उठेना,
लव्हाळा पातं देईना,
दोरी होईना,
डुबुकला मासा मिळेना."

लाट म्हणाली, "आज वारा नाही रे. कुणी मला हलवलं की उठते."

आता कुणाकडे जायचं?

डुबुकने इकडे पाहिलं. कुणी नाही. तिकडे पाहिलं. कुणी नाही. मग त्याने पंख मिटले. मान खाली घातली. आणि पाण्यात उडी मारली.

डुबुक!

पाणी हललं. लाट उठली.

लाटेने काटकी नेली. सुळ्ळ सुळ्ळ.
खेकड्याने जाळं कापलं. कट् कट्.
बगळ्याने गोचीड टिपली. टुच टुच.
म्हैस उठली. फुर्र फुर्र.
लव्हाळ्याने पातं दिलं. सळ सळ.

रखमाजींनी दोरी वळली. डुबुकच्या गळ्यात बांधली. हळूच, सैलशी.

डुबुकने बुडी मारली. खाली गेला. खोल गेला. वर आला तेव्हा चोचीत होता मोठा मासा. रखमाजींनी तो टोपलीत ठेवला. मग एक छोटा मासा उचलला.

"हा घे, बाळा," ते म्हणाले. "हा तुझा वाटा."

गट्टम!

मासा गेला डुबुकच्या पोटात. गोष्ट आली तुमच्या कानात.