राजाच्या नावाची डोरली

पूर्वी कुसुमपट्टण नगरात विजयबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व भद्रक नावाचा राजवैद्य होता, आणि तो फार थकला होता. गुडघे साथ देत नव्हते, झोळी उचलायलासुद्धा नको वाटे.

राजाला जुना खोकला होता. जिवाला धोका नव्हता, पण भर सभेत ढास लागे आणि राजाची चिडचिड होई. डोरलीच्या मुळीच्या काढ्याने त्याला उतार पडला. ही गोष्ट गावभर झाली मात्र, खोकणाऱ्यांनी आणि न खोकणाऱ्यांनीही रानातली सगळी डोरली उपटून नेली. तोवर त्या काटेरी झुडपाला शेळ्यासुद्धा विचारत नव्हत्या.

खोकला पुन्हा उठला तेव्हा राजा म्हणाला, "वैद्यराज, एवढी एकदा मुळी आणा. मग चाकरी संपली. घरी स्वस्थ बसा."

घरी बसायला मिळणार, एवढ्यावरच म्हाताऱ्याने रान पालथे घातले. शेवटी एका ओढ्याकाठी एकुलते एक झुडूप सापडले. रीतीप्रमाणे संध्याकाळी त्याने बुंध्याशी हळद-अक्षता वाहिल्या आणि राजाचे नाव घेऊन झुडपाला आमंत्रण दिले. ज्याच्या नावाने आमंत्रण, त्यालाच ते औषध. दुसऱ्याला दिले तर वैद्याचा हातगुण जातो, असे सारे वैद्य मानीत.

सकाळी त्याने मुळी खणून काढली, तोच तिस्सा नावाची गुराखीण धावत आली. कडेवरच्या लेकराची छाती घरघरत होती, ओठ निळे पडले होते.

"बाबा, काहीतरी द्या हो!"

"ही राजाच्या नावाची आहे, बाई."

"मग अर्धी तरी द्या."

मुळी करंगळीएवढी होती. अर्ध्याने कुणाचेच भागले नसते. भद्रकाला रडू आले. लेकरासाठी आले, तसे आपल्या घरासाठीही आले.

"तीन दगड मांड," तो म्हणाला. "जाळ कर."

दुपारपर्यंत लेकराचा श्वास मोकळा झाला. भद्रक रिकाम्या हाताने राजापुढे गेला आणि घडले ते सांगितले.

"मग शोधा दुसरी!" राजा खोकत खोकत ओरडला. "सापडेपर्यंत सुटका नाही."

वैद्याने झोळी उचलली. मरेपर्यंत त्याला घरी बसायला मिळाले नाही.

विहारातल्या आजाऱ्यांची उस्तवार करून विटलेला उपसोण भिक्षू भिक्षुपण सोडून चीवर परत करायला आला, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, त्याला ही कथा सांगितली. मग म्हणाले, "तो राजा म्हणजे तू ज्याची थुंकी पुसतोस तो किरकिऱ्या म्हातारा भिक्षू. वैद्य मी होतो."

"आणि ते लेकरू?"

"ते तू होतास."

उपसोण उठला. म्हाताऱ्यासाठी पाणी तापवायला निघून गेला. दमल्यावरही जी सुटत नाही, तिला शास्त्यांनी त्या दिवशी करुणा म्हटले.