उघाडीवरची दुपार

वसईकडच्या किनाऱ्याला, खाडी जिथं भातशेतांना अगदी खेटून वाहते, तिथं आगरवठार नावाचं लहानसं गाव होतं. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी इनासबाबांचा मुक्काम त्या गावी होता. बाबा मूळचे देशावरचे. अंगात भगवी कफनी, गळ्यात दोरीत ओवलेला लाकडी क्रूस, आसन चर्चच्या पडवीत. बोलणं इतकं कमी की गावच्या बायका म्हणत, बाबांच्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा दगडाला चिकटलेली कालवं फोडणं सोपं. पण संताचं मौनही माणसाला कामाला लावतं, हे आगरवठाराला लवकरच कळायचं होतं.

गावचे पाटील दुमिंग. त्यांना देवाचं वावडं मुळीच नव्हतं. दर रविवारी पहिल्या बाकावर बसत, मेणबत्तीही सगळ्यांत जाड लावत. फक्त देवानं आपली पायरी सोडू नये असं त्यांचं मत होतं. त्यानं आभाळ सांभाळावं, पाऊस पाडावा. दुमिंग पाटलांच्या मनात काय यावं यात नाक खुपसू नये.

आणि होता कैतान, गावाचा उघाडीवाला. खाडीचं पाणी अडवायला मातीचा बांध, आणि त्या बांधात लाकडी चौकटीत बसवलेली जाड फळी, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला फळी उचलून शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीआधी ती घट्ट बसवायची, एवढंच कैतानचं काम. पण ते चुकलं तर खारं पाणी शेतात शिरतं, आणि एकदा शिरलं की पुढची काही वर्षं तिथं भाताची काडी उगवत नाही. म्हणून फळीला हात लावण्याआधी कैतान दोन्ही तळवे आभाळाकडं करून म्हणायचा, “देवा, आधी मन घे, मग हात चालव.” पाटील त्याला चारचौघांत विचारत, हात देवाला दिलेस, मग जेवतोस कशानं?

आगेऱ्याचा सण तोंडावर आला होता. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये वाहायच्या, घरोघरी पाहुणे. पाटलांच्या मनात आलं, यंदा पाहुण्यांच्या पानात जिताडा पडलाच पाहिजे. आता मोठा जिताडा मिळवायची एक चोरवाट खाडीकाठच्या माणसाला ठाऊक असते. ऐन उधाणाला फळी वीतभर उचलायची, आत जाळं लावायचं. पाण्याच्या ओढीनं मासा आपणहून येतो. पाटलांनी कैतानला तसं सांगितलं आणि कैताननं चक्क नाही म्हटलं. लोंबीत दूध भरलंय पाटील, आत्ता नको, म्हणाला.

पाटील तणतणत पडवीत आले. तिथं चार माणसं बसली होती, तेवढे प्रेक्षक त्यांना पुरे होते.

“बाबा, माणसाच्या मनात इच्छासुद्धा देवच घालतो म्हणता. मग माझ्या मनातला जिताडा त्यानंच पाठवला असेल!”

माणसं हसली. बाबा म्हणाले, “हाव तुमची स्वतःची आहे. ती कुणी द्यावी लागत नाही.”

“म्हणजे चांगलं ते त्याचं, वाईट ते माझं. सरळ सांगा ना, आम्ही कळसूत्री बाहुल्या आहोत म्हणून.”

बाबांनी मान वर केली. ते पाटलांकडं बघत होते, पण नजर पाटलांच्या खांद्यावरून पलीकडं, जणू मागं कुणी येऊन उभं राहिलं होतं. “बाहुलीला नको म्हणता येत नाही. तुम्हाला येतं. पण पाटील, तुमच्या ‘नको’च्याही खाली एक जागा आहे. तिथं तुम्ही अजून गेला नाहीत. तो मात्र तिथं कधीचा बसलेला आहे.”

पाटील मोठ्यानं हसले. घरी जाताना मात्र त्यांना एकदाही मागं वळून बघवलं नाही.

अमावस्येचं उधाण भर दुपारी आलं. गाव सगळं चर्चमध्ये, बाबांसोबत प्रार्थनेला. कैतानही फळी बसवून तिकडंच गेला होता. पाटील काखेत जाळं मारून बांधावर आले. ऊन असं की सावली पायाखाली दडून बसलेली. आणि आवाज कुठलाच नव्हता. एरवी चिखलात निवट्या मासोळ्या उड्या मारतात, बगळे भांडतात. आज बगळा नव्हता, आणि चिखलावरचे सगळे लहान खेकडे बिळांच्या तोंडाशी स्तब्ध, तोंडं बांधाकडं करून बसलेले. पाणी मुक्यानं वर चढत होतं. पाटलांना वाटलं, परत जावं. पण इतकं चालून आल्यावर खेकड्यांना भिऊन परत जायचं?

त्यांनी जाळं लावलं, कैतानच्या तिथंच ठेवलेल्या पहारीनं फळी वीतभर उचलली. पाणी फुत्कारत आत घुसलं. जाळं तर पहिल्याच लोटाबरोबर दिसेनासं झालं. पाटलांनी घाबरून फळी खाली रेटली, ती खाचेत तिरकी अडकली. मग चौकटीच्या बाजूची माती ढासळली आणि बांधाला घागरीएवढं भोक पडलं. ते त्यांच्या डोळ्यांदेखत रुंदावत होतं.

कुणी पाहिलेलं नव्हतं. उघाडी कैतानच्या ताब्यातली, बोल त्यालाच लागणार, गाव त्यालाच हाकलणार. पाटील पळाले. समोर चर्चचा मनोरा दिसत होता, त्याच्यावर नजर ठेवून ते बांधानं पळत सुटले. पळता पळता धाप लागली म्हणून थांबले, तर समोर उघाडी. वाट तर कुठं वळत नव्हती!  पुन्हा फिरले, या खेपेला पावलांकडं बघत चालले, आणि पायाशी पुन्हा तीच ढासळलेली माती आली.

“कोण आहे?” ते ओरडले. “सोड मला!”

आणि सोडलं. हे त्यांना स्पष्ट कळलं. भोवतालची हवा सैल झाली, एक बगळा ओरडला, गावाची वाट मोकळी पडली. आता गेले असते तर थेट घरी पोचले असते. पाटलांनी पाऊल उचलायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की त्यांना जायचंच नव्हतं. मघाच्या चकव्याला ते भ्याले नव्हते इतके याला भ्याले. कुणी ओढत नव्हतं, ढकलत नव्हतं. दार न वाजवता कुणी घरात येऊन बसावं तशी ती इच्छा आत येऊन बसली होती, आणि ती परकी वाटत नव्हती. उलट इतकी स्वतःची इच्छा त्यांना जन्मात झाली नव्हती.

ते खाडीच्या बाजूनं उतरले आणि पाठ लावून भोकात बसले. पाण्यानं त्यांना घट्ट दाबून धरलं. पाणी छातीला लागलं, मग गळ्याला. त्या गारठ्यात त्यांना जाणवलं की बांधाच्या आतल्या अंगानं दुसरी एक पाठ त्यांच्या पाठीला टेकली आहे. ती ऊबदार होती. विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

तिकडं चर्चमध्ये बाबा मध्येच थांबले आणि म्हणाले, “कैतान, फावडं घे. पाटील एकटे आहेत.” माणसं पेंढा, चिखल, मेखा घेऊन धावली. त्यांनी फळी सरळ बसवली, भोक बुजवलं, पाटलांना वर ओढलं. पाटील दातावर दात आपटत म्हणाले, पलीकडच्या माणसाला आधी काढा. पलीकडं कुणी नव्हतं. भिजलेल्या भाताच्या चार ओळी सोडल्या तर शेतही जागच्या जागी होतं.

लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन चर्चच्या अंगणात आणलं. पाटलांनी गाव वाचवलं, असा एकच गलका. कैतान रडत होता. फळी माझ्याच हातून नीट बसली नसेल, मला काय ती शिक्षा द्या, म्हणत होता. जाळं पाण्यानं कुठच्या कुठं नेलं होतं, साक्षीला कुणी नव्हतं. पाटलांनी नुसतं गप्प राहायचं, एवढंच बाकी होतं.

“फळी मी उचलली,” पाटील म्हणाले. “जिताड्यासाठी. आणि पळूनही चाललो होतो.”

 बाबा पडवीतून उतरून आले. सबंध प्रार्थनाभर ते गावासमोर गुडघ्यांवर होते, हे शंभर डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि आता त्यांची कफनी पाठीकडून खाडीच्या ओल्या चिखलानं माखलेली होती. बायकांनी कपाळावर क्रुसाची खूण केली. यावर आपण पामरांनी काय बोलावं!

पाटलांनी विचारलं, “बाबा, मागं फिरलो तो मीच, की त्यानं मला फिरवलं?”

“थंडी कुणाला वाजते आहे?”

“मला.”

“मग फिरलात तुम्हीच.”

“आणि फिरावंसं वाटलं, ते?”

 बाबांनी कैतानचा हात धरून त्याला पुढं आणलं, एवढंच. पाटील त्याच्याकडं बघत राहिले. मग ज्यांची मान चर्चमधल्या अल्तारापुढंही बेताबेतानंच लवायची, ते दुमिंग पाटील सगळ्या गावादेखत त्या उघाडीवाल्याच्या चिखलानं भरलेल्या पायांवर वाकले. आपण वाकलो की आपल्याला वाकवलं, हे विचारावंसं त्यांना आता वाटलं नाही.