विरजणाची वाटी

“पण तोच प्रोग्राम एकाच वेळी दोनदा कशाला लावलास?” गोदाक्कांनी विचारलं.

“लवकर व्हावं म्हणून,” हेरंब म्हणाला.

“मग... झालं लवकर?”



माईंच्या माघारी आमच्या मठाचं सगळं गोदाक्काच बघतात. हेरंब त्यांचा शिष्य. शहरात शिकून आलेला, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे कधी न विसरणारा. मठाच्या कॉम्प्युटरवर माईंची भजनं होती, आणि शेजारच्या डिस्कवर तीच पुन्हा. हा पसारा त्याला सोसेना. सारख्या फायली शोधायच्या, एक ठेवायची, दुसरी कायमची पुसायची, असा प्रोग्राम त्याने लावला. तो रेंगाळतोय असं वाटलं, म्हणून तोच स्क्रीनवर आणखी एका खिडकीत उघडला.

पहिल्या खिडकीने कॉम्प्युटरवरची प्रत ठेवली आणि डिस्कवरची पुसली. त्याच वेळी दुसरीने डिस्कवरची ठेवली आणि कॉम्प्युटरवरची पुसली. दोघींनी आपापलं काम चोख केलं.

दुसऱ्या दिवशी माईंची पुण्यतिथी. पहाटे त्यांच्याच आवाजातली भूपाळी लावायची, हा मठाचा नेम. आणि भूपाळी कुठेच उरली नव्हती. मूळची टेप तर केव्हाच झिजून गेलेली.

माई चुलीपाशी बसून गात असताना कुणीतरी ती टेप भरली होती. मागे रवीची घुसळण ऐकू यायची. मधेच माई थांबून म्हणायच्या, “दूध बघ गं,” आणि पुन्हा सूर धरायच्या. दरवर्षी तिथे आलं की आम्ही बायका हसायचो. हसता हसता एखादी खरंच चुलीकडे वळून बघायची.

“माझं काय चुकलं, आक्का? दोन्ही खिडक्यांना दुसरी प्रत समोर दिसत होती.”

“खरंय,” आक्का म्हणाल्या. “यमू आणि कावेरीलाही दिसत होती.”

यमू-कावेरी माईंच्या हाताखाली स्वयंपाक करायच्या. स्वयंपाकघरातल्या याच फळीवर विरजणाच्या दोन वाट्या असत. ते विरजण माईंनी माहेराहून आणलेलं, रोज थोडं मागे ठेवून वर्षानुवर्षं चालत आलेलं. एका दुपारी यमूने एक वाटी कढीत रिकामी केली, दुसरी आहे म्हणून. मागच्या पडवीत कावेरीने दुसरी ताकात घातली, पहिली आहे म्हणून. संध्याकाळी दूध तापवून निवत ठेवलं, आणि विरजण लावायला बघतात तर फळी मोकळी.

“माई रागावल्या असतील...”

“हसल्या.” आक्कांची नजर त्या फळीवर गेली आणि तिथेच राहिली. “खूप हसल्या. मग पदर खोचला आणि निघाल्या.”

“कुठे?”

“ज्यांनी कधीकाळी आपल्याकडून चमचाभर नेलं होतं, त्यांच्या दारी.”

आक्का उठल्या. फळीवर माईंची छोटी पितळी वाटी धुऊन पालथी घातलेली होती. ती त्यांनी उचलली, सुलटी केली आणि हेरंबच्या हातावर ठेवली.

“रुक्मीकडे जा.”

हेरंबचा चेहरा उतरला. गेल्या वर्षी सासरी निघताना रुक्मीने ही भूपाळी आपल्या फोनमध्ये घालून मागितली होती. मठाची वस्तू अशी जागोजागी सांडायची नसते, ऐकायचं तर इथे येऊन ऐकावं, असं त्याने तिला सगळ्यांदेखत सुनावलं होतं. पोर रडवेली झाली. शेवटी आक्कांनी बजावलं, तेव्हा कुठे त्याने ती दिली.

“तिच्या दारात कोणत्या तोंडानं उभा राहू?”

आक्का वाती वळायला बसल्या.

“भूपाळी काही वाटीत मावायची नाही, आक्का,” तो उगाच हसत म्हणाला.

आक्कांनी कापूस पिंजला. एक वात वळून झाली... मग दुसरी.

हेरंब उंबऱ्यापर्यंत गेला. तिथून वळला. आता तो हसत नव्हता.

“आणि तिनंही पुसून टाकली असेल तर?”

“तर पुढच्या दारी जा,” आक्का म्हणाल्या. “वाटी तेवढी पालथी धरू नकोस.”