ठशातली सुलट अक्षरं

भाविकहो, निर्भयानंद महाराज नदीकाठच्या वेळूगावात मुक्कामाला होते, तेव्हाची ही गोष्ट.

तिथल्या येसू रंगारणीचे वडील माघात गेले. कापडावर छापायचे लाकडी ठसे कोरण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. प्रत्येक ठशात त्यांची एक नाजूक वेल असे. येसूपाशी आता ती वेल, त्यांची पटाशी आणि शिसवी लाकडाचे दोन तुकडे एवढंच उरलं होतं.

गंगाई कोळीण साठीत महाराजांकडून अक्षरं शिकली होती. सप्ताहासाठी तिने पताका सांगितली. "येसू, 'केशव' एवढंच छाप. माझं मला वाचता आलं पाहिजे बघ."

येसूने जीव ओतून ठसा कोरला. छाप उमटला, पण अक्षरं वेलीत बुडून गेली. गंगाई डोळे बारीक करून नुसती बघत राहिली. कारकून विनायकपंत हसले. "हा केशव की काकडीचा मांडव?"

येसू महाराजांकडे आली. "महाराज, वेल काढूनच टाकते. पण मग बाबांचं काय उरलं?"

"टाकू नकोस, मुली. अक्षरांचा मांडव दिसू दे, वेल त्याच्या आधाराने राहील. फक्त आधी गंगाई हो, मग कोर."

तीन दिवस येसूच्या डोळ्यांपुढे गंगाईचे ते बारीक केलेले डोळेच होते. शेवटच्या तुकड्यावर तिने ठसशीत 'केशव' कोरला. वेल 'व'च्या पायाशी, बोटभरसुद्धा नाही.

सप्ताहाच्या सकाळी पंतांनी ठसा उचलला आणि ते ओरडलेच, "अगं, रंगाऱ्याची लेक ना तू? ठशात अक्षरं उलटी कोरतात, तेव्हा कापडावर सुलटी येतात. तू सुलटीच कोरलीस! आता गंगाईला आरसा आणून द्या!"

मंडळी हसली. येसूने पंतांच्या हातून ठसा घेतला आणि ती तशीच थांबली. दुसरं लाकूड नव्हतं.

महाराज म्हणाले, "थांबलीस का? छाप."

तिने रंग लावला, ठसा टेकवला, मुठीने ठोकला आणि उचलला. गंगाई पुढे आली. बोट अक्षराअक्षरावरून सरकलं.

"के... श... व. अगंबाई, केशव!"

पंतांनी ठसा पाहिला. सुलटा! कापड पाहिलं. तेही सुलटं! त्यांनी स्वतः छापून पाहिलं, तरी तेच.

"महाराज, हे कसं?"

"पंत, तिने वाचणारीच्या डोळ्यांनी कोरलं. पुढचं केशवाने पाहिलं."

पंतांनी पागोटं उतरवून महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराजांनी त्यांना उठवलं आणि येसूकडे वळवलं. पंत तिच्यापुढेही वाकले.

येसूचं तिकडे लक्ष नव्हतं. ती 'व'च्या पायाशी उमटलेली ती एवढीशी वेल पाहत होती. हात बाबांचाच होता.