संगणकाच्या पोटातला संगणक

“...पण मालक मी आहे ना, अक्का? मग हे आतलं माझं ऐकत का नाही?”

यशोधन तावातावानं विचारत होता. शिकलेला, पुण्याचा. डोंगरावरच्या मठात कोंडाक्कांकडे अनुग्रह मागायला आला, तो तिथंच राहिला.

अक्कांनी त्याला एवढंच सांगितलं होतं, “माझ्या गुरूंची पदं बाहेर काढ. मग बोलू.”

पदं होती जुन्या संगणकाच्या फायलींत, आणि तो संगणक तर कधीच मेलेला. मग यशोधननं काय केलं, नव्या संगणकाच्या पोटातच तसला एक जुना उभा केला. हाताला लागणारा नव्हे, नुसता पडद्यावरच्या टिचभर चौकटीतला.

पदं त्यात दिसली. पण बाहेर येईनात. माउसचा बाण आत शिरला की तोही आतच अडकून बसे.

आतल्या-बाहेरच्याला बोलतं करायला मदतनीस प्रोग्राम असतात. ते यशोधननं चढवले, पण बाहेरच्या मशीनवर. उपयोग झाला नाही. मग त्यांची सीडी आतल्याला लावून दिली आणि हाताची घडी घालून बसला.

काही हललं नाही.

“सीडी दिलीस,” अक्का म्हणाल्या. “आत जाऊन चालू कुणी केली?”

“मी आत जायचं? त्या टिचभर पडद्यात? त्या म्हाताऱ्या खोक्यापुढं मी वाकणार नाही, अक्का. बाहेरून हुकूम सोडीन, त्यानं ऐकायचं.”

“बरं.”

“बरं काय! तुम्ही गुरू ना? मग अनुग्रह द्या आत्ताच्या आत्ता. नाहीतर हा मी निघालो.”

पिशवी खांद्याला लावलीसुद्धा त्यानं.

“जेवून जा.”

“जेवणार नाही!”

अक्कांनी त्याचं ताट वाढलं. मग स्वतःच त्याच्यापुढं बसल्या, भाकरी पिठल्यात कुस्करली आणि खाऊ लागल्या. मन लावून.

“अक्का... ते माझं ताट आहे.”

“होय की. तुझंच जेवण जेवते आहे.” आणखी एक घास. “भरलं का पोट?”

यशोधन लालबुंद झाला. पिशवी खाली आपटली आणि बसला त्या टिचभर पडद्यापुढं. आतली सीडी आतूनच उघडली. आतलं मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं...

पडदा ऐसपैस पसरला. बाण आतबाहेर करू लागला. एकेक पद बाहेर आलं.

अक्कांनी पहिलं पद वाचलं. पदरानं डोळे टिपले.

पण याचा ताठा कुठं उतरतोय!

“झालं ना मनासारखं? आता द्या अनुग्रह.”

“दिलाय.”

“कधी?”

“आलास त्याच दिवशी.”

“खोटं! दिला असता तर मला काहीतरी झालं नसतं का? सांगा ना, का नाही झालं?”

अक्का रिकामं ताट उचलून उठल्या.

“मला काय विचारतोस? मी बाहेरची.”