ढवळीच्या कांड्या

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा जनावरं माणसांशी दोन शब्द बोलत आणि माणसं ते क्वचितच ऐकत, तेव्हाची ही गोष्ट.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारा-म्हातारी राहत होती. जमीन एवढीशी, पोटी मूलबाळ नाही, आणि गोठ्यात एकच गाय. तिचं नाव ढवळी. बऱ्याच वर्षांनी ती गाभण राहिली होती. दोघांचे हातपाय आता थकले होते, पण येणाऱ्या वासराच्या आशेवर ती दोघं दिवस ढकलत होती. "गोठ्यात वासरू हुंदडलं, की घराला घरपण येईल," असं म्हातारी उठता-बसता म्हणायची.

ढवळीला मात्र एक वाईट खोड होती. गव्हाणीत खाणं टाकलं, की ती दाणे तेवढे वेचून खायची, गुळाचा खडा जिभेने हुडकून काढायची, आणि उरलेल्या कोंड्यावर असा फुत्कार सोडायची, की तो गोठाभर उडायचा. असे खाणारे आपल्या पंगतीतही असतात, पण ते राहू द्या. पोटात वासरू असून गाय वाळत चालली होती.

शेवटी म्हातारीने कुरडयांचा लाकडी सोऱ्या खाली काढला. ज्वारीचा भरडा, तुरीची चुणी, शेंगदाण्याची पेंड, कोंडा आणि मीठ असं सगळं तिने गुळाच्या पाण्यात घट्ट मळलं. म्हाताऱ्याने सोऱ्या दाबायचा, तिने खाली येणाऱ्या कांड्या बोटाच्या पेराएवढ्या तोडायच्या आणि ओसरीत वाऱ्यावर पसरायच्या. शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या.

"आता गं बया, गाईला कुरडया!"

म्हातारीने हसणाऱ्यांकडे लक्ष दिलं नाही. तिचा एकच नियम होता. कांड्या रांजणात भरण्याआधी ढिगाच्या मधली एक उचलायची आणि कानाशी नेऊन मोडायची. कट्ट वाजली तर भरायच्या. नुसती वाकली तर पुन्हा पसरायच्या.

कांडीत दाणा आणि कोंडा एकजीव झालेला, त्यामुळे ढवळीला काही वेचताच येईना. आधी ती रुसली, मग निमूट खाऊ लागली. हळूहळू तिच्या अंगावर तुकतुकी आली.

पुढे म्हातारी तापाने अंथरुणाला खिळली. शेत, चूल, काढा, गोठा, सगळं एकट्या म्हाताऱ्यावर पडलं. रांजण रिकामा झाला तेव्हा त्याने कसाबसा एकट्यानेच सोऱ्या दाबला. त्याचे खांदे भरून आले. वर आभाळ दाटलेलं, ऊन नाही, वारा नाही. ओसरीतल्या कांड्या वाळता वाळेनात.

एका सकाळी त्याने कांडी कानाशी नेऊन मोडली. ती वाकली. पुन्हा पसरायचं, पुन्हा उलथायचं, पुन्हा राखण करायची, या विचारानेच त्याला गळून गेल्यासारखं झालं. वरून तर वाळल्यात, असं म्हणत त्याने सगळ्या कांड्या रांजणात लोटल्या.

आतून म्हातारीने विचारलं, "अवं, मोडून बघितली का?"

"बघितली," तो म्हणाला. आणि ते खोटंही नव्हतं.

काही दिवसांनी ढवळीने गव्हाणीत तोंड घातलं आणि मान फिरवली.

"धनी, याला वास येतोय."

"तुझी खोड काय जायची न्हाई! पुन्हा वेचाया लागलीस व्हय?"

"वेचता येत होतं तवा गप वेचत होते," ढवळी म्हणाली. "आता दाण्यासंगं सगळंच गिळावं लागतंय. म्हणून तर तुमाला सांगतेय. माझ्या वाटचं तुमीच वेचा."

म्हाताऱ्याला वाद घालायचंही त्राण नव्हतं. त्याने कांड्यांवर गुळाचं पाणी शिंपडलं आणि तो जाऊन आडवा झाला. गुळाच्या वासाने फसून ढवळीने खाल्लं. दुसऱ्या दिवशी खाल्लं, तिसऱ्या दिवशीही खाल्लं.

मग तिने चारा खायचं सोडलं, ती थरथरू लागली, आणि दिवस भरण्याआधीच गाभडली. वासरू जमिनीवर पडलं ते निपचित. ढवळी त्याला चाटत राहिली. ते पाहणं फार जड होतं.

म्हातारी भिंत धरत बाहेर आली. तिने रांजणात हात घातला. आत उबारा होता आणि कांड्यांचे पांढऱ्या बुरशीने गच्च गोळे झाले होते. तिने एक गोळा बाहेर काढून म्हाताऱ्यापुढे ठेवला. ती चिडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.

"लई दमला हुतात न्हवं?" ती म्हणाली.

त्याने होकाराची मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते.

"मग तसं म्हणायचं हुतं. चार दिवस नुसत्या कडब्यावर राहिली असती ती. कडब्यानं कुणी मरत न्हाई."

ढवळी वाचली, पण पुन्हा कधी गाभण राहिली नाही. म्हाताऱ्याच्या हातची कांडी ती लगेच तोंडात घेत नसे. आधी कान पुढे करायची. म्हातारा तिच्या कानाशी कांडी मोडायचा, कट्ट आवाज यायचा, आणि मगच ती तोंड उघडायची. म्हाताऱ्याचे हात थकलेलेच होते, तरी तो रोज आधी कांडी मोडायचा.

तात्पर्य : दमलेल्याने काम खुशाल थांबवावं, पण अर्ध्या कामाला पुरं म्हणू नये.